अण्णांची सायकल आणि २६ आटे

(दहावी १९९९ च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला निरोप आला तेव्हा सांगितलं गेलं की तू आयटीत आहेस, तर 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं शिक्षण' यावर वीस मिनिटं बोल. मी होकार दिला, चार पानं लिहिलीही. मग मागच्या महिन्यात घरी एक गोष्ट घडली आणि ती चार पानं मी बाजूला ठेवली. आज मी सायकलबद्दल बोलणार आहे. त्यातही सायकलच्या एका भागाबद्दल, जो बाहेरून जवळपास दिसतच नाही. ज्यांची निराशा झाली असेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते, जेवणात बासुंदी आहे.

आमच्या घरची सायकल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे. काळी, उंच, मधे दांडी असलेली, सळईच्या ब्रेकची रॅले. माझ्या आजोबांनी ती घेतली, तेव्हा नगरपालिकेचा बिल्ला लावल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणता येत नसे. पुढच्या उभ्या नळीवर पितळी बिल्ल्यासारखं चिन्ह, त्यावर बगळा आणि खाली नॉटिंगहॅम, इंग्लंड. पुढे आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला आणि देशी रॅले मिळू लागली, पण आमची त्याआधीची, विलायती. आजोबांनंतर ती अण्णांकडे आली. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. रोज सकाळी साडेसहाला निघायचे, जुन्या कोयना पुलावरून पलीकडे, नऊ किलोमीटर. पावसाळ्यात चालत किंवा एस.टी.ने, बाकी आठ महिने सायकल.

नववीत आपल्याला कार्यानुभवाला जे सर होते ते आठवा. मुलींनी शिवण आणि मुलांनी सुतारकाम, अशी तेव्हा सरळ वाटणी होती. सरांनी एका शनिवारी सायकलस्टँडवर सगळ्यांना उभं केलं आणि मुलींनाही पंक्चर काढायला लावलं. पुढच्या शनिवारी त्यांनी एक मागचं चाक उघडून दाखवलं. वाटी, छर्रे, कोन. ग्रीस लावलेले छर्रे त्यांनी एकेक करून वाटीत बसवले आणि म्हणाले, "बघा, सगळी सायकल या गोळ्यांवर चालते." घरी गेल्यावर मला अण्णांच्या सायकलचं जे दिसेल ते उघडावंसं वाटू लागलं.

१९९७ ची दिवाळी. सुट्टीचा शेवटचा दिवस. सायकलचं हॅण्डल पुढचा ब्रेक दाबला की कट् करून आवाज करायचं. अण्णा म्हणायचे, "हेड ढिलं झालंय, मिस्त्रीकडे न्यायला पाहिजे." मी म्हटलं, मी करते. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान न उचलता सांगितलं, "कर. गोळ्या हरवू नकोस."

हेड म्हणजे काय, ते ज्यांनी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सायकलच्या सांगाड्याला पुढे एक आखूड उभी नळी असते. तिच्यातून चिमट्याची नळी खालून वर येते. या दोन नळ्या एकमेकींना थेट लागत नाहीत. वर एक वाटी, खाली एक वाटी, दोन्हींत छर्रे. खालच्या वाटीतले छर्रे चिमट्याच्या खांद्यावर ठोकून बसवलेल्या कोनावर फिरतात. वरच्या वाटीतल्या छर्ऱ्यांवर एक आटे असलेला कोन फिरवत खाली आणायचा, त्यावर वायसर, जुन्या सायकलींना दिवा अडकवायची पट्टी, आणि सगळ्यांत वर लॉकनट. चिमट्याच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. वरचा कोन किती खाली आणला, त्यावर हेड ढिलं की कडक ते ठरतं. लॉकनट त्याला तिथेच धरून ठेवतो. बस, एवढंच यंत्र. विजेवर चालत नाही, आवाज करत नाही, आणि नीट असेल तर चाळीस वर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही.

मी ते सगळं उघडलं. छर्रे डब्याच्या झाकणात रॉकेलने धुतले, मोजून कागदावर आकडा लिहून ठेवला. शेजारच्या रिक्षावाल्या काकांकडून ग्रीस आणलं. सगळं परत बसवलं. एकही गोळी हरवली नाही. मग वरचा कोन आवळला, लॉकनट आवळला, आणि मनात आलं की परत ढिलं व्हायला नको, म्हणून पान्न्याच्या दांड्यात पाइप घालून आणखी आवळला. ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकलली. कट् आवाज बंद. हॅण्डल डावीउजवीकडे वळवून पाहिलं, वळत होतं. चालवून पाहिली नाही, कारण दिवेलागण झाली होती आणि त्या दांडीच्या सायकलवर माझे पाय तेव्हा नीट पोचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी अण्णा सकाळी गेले आणि आठ वाजता परत आले. उजवं मनगट गमछात बांधलेलं. आईने विचारलं, काय झालं? "पुलाच्या तोंडाशी कुत्रं आडवं आलं," अण्णा म्हणाले. मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर. शिक्षकाचा उजवा हात! ते सहा आठवडे अण्णांनी फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं. पोरं हसायची, असं तेच हसत सांगायचे. संध्याकाळी घरी हजेरीपट आणि गुणांची पत्रकं मी लिहायची, ते सांगायचे. माझं अक्षर त्या दीड महिन्यात सुधारलं, हे आपल्या मराठीच्या बाईंनी नोंदवलेलं आहे.

मी कुत्र्यावर फार चिडले होते.

आता २७ वर्षं पुढे येऊ. या वर्षी अण्णांनी ती सायकल मला दिली. "इथे गंजून जाईल, तू ने." पुण्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती आली. माझी लेक बारा वर्षांची आहे, तिला घेऊन मी ठरवलं की मेळाव्याच्या आधी ही सायकल चालती करायची. चाकं, चेन, टायर, ते सगळं झालं. मग हेड उघडलं. हॅण्डल काढायला वरचा बोल्ट चार फेरे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीचा एक ठोका द्यायचा, म्हणजे आतली पाचर सुटते. सळईचा ब्रेक आधी सोडवून घ्यायचा. वाट्यांमध्ये छर्ऱ्यांनी खड्डे पाडले होते. इतकी वर्षं सरळ रस्त्याने गेल्यावर गोळ्या त्याच त्याच जागी बसतात आणि तिथे खळगे पडतात. मग हॅण्डल सरळ रेषेत आलं की किंचित अडकतं.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. चिमटा रॉकेलने धुऊन पुसला तेव्हा उभी नळी आणि पाय जिथे जोडले जातात त्या खांद्याखाली केसाएवढी चीर दिसली. एका दुकानात म्हणाले, वेल्डिंग मारून देतो. मी नाही म्हटलं. सायकलचं दुसरं काहीही मोडलं तर माणूस थांबतो. चिमटा मोडला तर माणूस थेट तोंडावर पडतो. नवा चिमटा घ्यायचा ठरलं. अठ्ठावीस इंची चाकाचा, सळईच्या ब्रेकचा चिमटा आजही मिळतो. आणला. जुने कोन आणि नट घेतले आणि नव्या चिमट्यावर फिरवले. दीड फेरा गेले आणि अडकले.

मी तेल टाकलं. परत दीड फेरा. पान्ना घेतला. लेक म्हणाली, "आई, जात नाहीये तर जात नाहीये ना." मी थांबले. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर माणसाला हे कळायला पाहिजे, की सुरुवातीला नीट जातं आणि मग अडकतं, तेव्हा जोर कमी पडत नसतो, माप वेगळं असतं. आमच्याकडे अशा प्रकाराला 'इंटिग्रेशन' म्हणतात आणि त्यावर तीन महिने बैठका होतात.

आम्ही पट्टी घेतली आणि आटे मोजले. नव्या चिमट्यावर अर्ध्या इंचात १२ आटे. जुन्यावर अर्ध्या इंचात १३. म्हणजे इंचाला २४ आणि २६. जगातल्या बहुतेक एक इंची चिमट्यांना २४ आटे असतात. रॅलेने मात्र आपल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात स्वतःचं २६ आट्यांचं माप ठेवलं होतं. नळीची जाडी तीच, एक इंच. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. दोन आट्यांमधलं अंतर एकात १.०६ मिलिमीटर, दुसऱ्यात ०.९८. एका आट्याला फरक किती, तर ०.०८ मिलिमीटर. म्हणून पहिला फेरा गोडीने जातो. पण फरक साठत जातो आणि पुढे लोखंड लोखंडाला चावतं. मी पाइप लावून आवळलं असतं तर ते गेलंही असतं, आटे मोडून.

मग नव्या चिमट्याला २४ आट्यांची पूर्ण नवी फिटिंग घेतली. वाट्या, दोन्ही कोन, वायसर, लॉकनट, छर्रे. घेण्याआधी व्हर्नियरने मापं घेतली, कारण इथेही फसगत होते. चिमट्याच्या खांद्यावर कोन जिथे ठोकून बसवतात, ती बैठक कोणाची २६.४ मिलिमीटर असते, कोणाची २७. अर्ध्या मिलिमीटरचा फरक दिसत नाही, पण एक कोन सैल बसतो आणि दुसरा बसतच नाही. सांगाड्यात ठोकायच्या वाट्यांचं बाहेरचं माप जुन्याशी जुळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. जुन्या वाट्या आतून गज घालून, चारी बाजूंनी हलके ठोके देत काढल्या. नव्या ठोकल्या नाहीत. बोहरी आळीतून आटे पाडलेला एक लांब गज आणला, दोन टोकांना जाड वायसर आणि नट, आणि नट फिरवत वाटी सरळ आत ओढून घेतली. ठोकून बसवलेली वाटी तिरपी जाऊ शकते, आणि वाटी तिरपी तर हेड कधीच नीट होत नाही. कुठे ढिलं, कुठे कडक.

नवी नळी जुनीपेक्षा नऊ मिलिमीटर लांब होती. करवतीने कापली. कापण्याआधी एक नट खाली फिरवून ठेवायचा, म्हणजे तो बाहेर काढताना कापलेल्या कडेवरचे आटे साफ करत येतो. ही युक्ती मला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एका मिस्त्रींनी शिकवली होती. चार वर्षांच्या अभियांत्रिकीतलं जे थोडं मला अजून शब्दशः आठवतं, त्यात हे एक आहे.

छर्रे बसवायला लेक बसली. ग्रीसमध्ये ५/३२ इंची गोळ्या एकेक करून. वाटी गच्च भरली आणि तिने आणखी एक दाबून बसवायला घेतली. आमच्या सोसायटीचे वॉचमन मामा मागे उभे होते. ते म्हणाले, "ताई, एक गोळी कमीच ठेवायची. गोळ्यांना फिरायला जागा पाहिजे." मामा तरुणपणी सायकलवरून दूध घालायचे. त्यांनी पुढचं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी इंजिनिअर ना!

वरचा कोन हाताने खाली आणला. खेळ पूर्ण जाईपर्यंत. मग वायसर, दिव्याची पट्टी, लॉकनट. दोन पान्ने घेऊन लॉकनट आवळला. घट्ट. ब्रेक दाबून ढकलून पाहिलं, कट् आवाज नाही. हॅण्डल वळवून पाहिलं, वळतंय. लेकीला म्हटलं, बाजूला हो, आधी मी चालवते.

पार्किंगमधून बाहेर पडले आणि दहा-बारा फूट गेले. सायकल डावीकडे कलली, मी हॅण्डल सावरलं, ते गेलं पण जास्त गेलं. परत उजवीकडे, परत जास्त. सायकल सरळ जाईच ना. दारू प्यायल्यासारखी. मी सावकाश होते म्हणून पाय टेकले, तरी गुडघा खरचटला. मामा आले, सायकल उभी केली, पुढचं चाक उचलून हॅण्डल एका बोटाने ढकललं. चाक तिथेच थांबलं. ते म्हणाले, "ताई, हेड लय कडक केलंय. असल्या सायकलवर कोणीबी पडतंय."

मी तिथेच फरशीवर बसले.

मित्रांनो, सायकल का पडत नाही, याचं कारण ती सरळ जाते हे नाही. ती सरळ कधीच जात नसते. आपण सतत थोडं डावीकडे पडतो, थोडं उजवीकडे पडतो, आणि ज्या बाजूला पडतो त्या बाजूला हॅण्डल आपोआप किंचित वळतं, म्हणून सावरतो. १८१७ मध्ये कार्ल फॉन ड्राइसने जर्मनीतल्या मानहाइममध्ये पायडल नसलेली दुचाकी चालवली, तिचंही पुढचं चाक वळणारं होतं. हॅण्डल पक्कं बांधून टाकलं तर चालवत असताना तोल राखणं जमत नाही. आणि कडक हेड म्हणजे अर्धं बांधलेलं हॅण्डल. उभ्या सायकलवर हातांनी वळवलं तर ते वळतं, कारण हातात जोर असतो. पण तोल सावरायला जेवढं हलकं वळावं लागतं, तेवढं ते वळत नाही.

माझी चूकही तीच होती, २७ वर्षांपूर्वीची. वरचा कोन खेळ जाईपर्यंत आणायचा आणि मग लॉकनट आवळायचा, असं वाटतं. पण आट्यांमध्ये बारीकशी मोकळी जागा असते. लॉकनट आवळला की तो कोनाला ती जागा संपेपर्यंत खाली दाबतो, आणि हेड आपण ठरवलं होतं त्यापेक्षा कडक होतं. म्हणून कोन आणल्यावर किंचित मागे घ्यायचा, थोडा खेळ मुद्दाम ठेवायचा, आणि कोन एका पान्न्याने धरून लॉकनट दुसऱ्याने आवळायचा. मग खेळ नेमका जातो. तपासायचं दोन प्रकारे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला, कट् व्हायला नको. आणि पुढचं चाक जमिनीपासून उचला, हॅण्डल सोडा. चाक आपल्या वजनाने एका बाजूला पडायला पाहिजे. नववीत मी पहिली परीक्षा घेतली. दुसरी मला माहीत नव्हती.

त्या रात्री मी अण्णांना फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, "अण्णा, सत्त्याण्णव साली तुम्ही पुलावर पडलात, तेव्हा खरंच कुत्रं आडवं आलं होतं?"

अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "कुत्रं होतं."

मी म्हटलं, "आडवं आलं होतं?"

"लांब होतं," अण्णा म्हणाले. आणि हसले. मग म्हणाले, "जेवलीस का?"

एवढंच. त्यापुढे ते काही बोलले नाहीत, आणि मला विचारवलंही नाही. पण फोन ठेवल्यावर एकेक गोष्ट जागेवर येत गेली. प्लॅस्टर निघाल्यावर सायकल दोन दिवस मिस्त्रीकडे होती. चेनला तेल घालायला दिली होती, असं अण्णा म्हणाले होते. चेनला तेल तर घरीही घालता येतं. आणि दुसरी गोष्ट. आमच्याकडे पान्ना स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेला असायचा, माझ्या हाताला येईल असा. अपघातानंतरही तो तिथेच होता. तो कोणी उचलून वर ठेवला नाही. पुढच्या मे महिन्यात मी त्याच पान्न्याने मागचं चाक उघडलं. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, "कर. गोळ्या हरवू नकोस." पण यावेळी एक वाक्य जास्त होतं, ते मला आता आठवतं. "आणि झालं की आधी जरा चालवून बघू, दोघं मिळून."

त्यांनी मला सांगितलं असतं तर? मी चौदा वर्षांची होते. माझ्यामुळे वडिलांचा हात मोडला, हे कळल्यावर मी पुन्हा पान्ना हातात घेतला असता का, कोण जाणे. कदाचित घेतलाही असता. पण अण्णांनी ती जोखीम घेतली नाही. दहावीनंतर दोन वर्षांनी मी कऱ्हाडच्याच सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले, तेव्हा घरातल्या काही मोठ्या माणसांनी विचारलं होतं, मुलीला कशाला. अण्णा म्हणाले होते, "तिला उघडून बघायची सवय आहे." मी ते तेव्हा कौतुक समजले होते. त्यात त्यांचं मनगटही होतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आता मी मुद्द्यावर येते, कारण घड्याळ दाखवलं जातंय.

आपल्या तुकडीने ठरवलंय की आसपासच्या वाड्यांवरून चालत येणाऱ्या मुलींसाठी शाळेला १५ सायकली द्यायच्या. मी माझी वर्गणी आधीच दिली आहे आणि हा निर्णय चांगला आहे. पण आज सकाळी मी लवकर आले आणि लेकीला घेऊन सायकलस्टँडच्या मागे गेले. तिथे भिंतीला टेकून सात सायकली उभ्या आहेत. आधी कोणी कोणी दिलेल्या, किंवा घरच्यांनी घेतलेल्या. आम्ही एकेक बघितली. दोघींची चेन तुटलेली. एकीच्या पुढच्या चाकाच्या तारा गेलेल्या. एकीचा ब्रेक. दोघींना नुसती ट्यूब नाही. आणि सातवीचं हेड इतकं ढिलं, की चिमटा हाताने खडखडतो. यातली एकही सायकल मेलेली नाही. पण ज्या मुलींच्या त्या होत्या त्या पुन्हा चालत येतायत. कारण सायकल बंद पडली की ती मिस्त्रीकडे नेण्याचा दिवस कोणाच्या घरी निघत नाही, आणि शाळेत ती उघडायला पान्ना नाही. कार्यानुभवाची खोली आता भांडाराची खोली झाली आहे.

म्हणून माझी विनंती अशी, की १५ ऐवजी १४ सायकली घ्या. पंधराव्या सायकलच्या पैशातून पान्ने, पंप, पंक्चरचं सामान, चेन तोडायचं हत्यार, छर्ऱ्यांच्या पुड्या, ग्रीसचा डबा आणि हेडच्या नटाचे दोन पातळ पान्ने घेऊया. कोणी म्हणेल, एका मुलीची सायकल कमी केली. मी हिशेब मांडते. मागच्या सात सायकली दुरुस्त झाल्या तर चौदा अधिक सात, एकवीस मुली सायकलवर येतील. आणि पुढच्या वर्षी त्या एकवीसही चालत्या राहतील. मी महिन्यातून एका शनिवारी पुण्याहून येईन. कार्यानुभवाचे आपले सर आज इथे बसले आहेत. त्यांना मी सकाळी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मी घरीच असतो, शनिवारी मला काय काम आहे?" म्हणजे शिक्षक मिळाले आहेत.

मुख्याध्यापक सरांना एकच सांगायचं आहे. हत्यारांची पेटी कुलपात ठेवावी लागेल, हे मला कळतं. पण किल्ली वर्गातल्या मुलींकडे असू द्या. काही गोळ्या हरवतील. एखादा आटा जाईल. कोणीतरी एखादं हेड पाइप लावून आवळेल, हेही मी तुम्हाला लिहून देते. म्हणून दुरुस्त केलेली प्रत्येक सायकल आधी मैदानावर चालवायची, सावकाश, आणि मोठं माणूस सोबत असताना, एवढा एक नियम करूया. तो नियम आमच्या घरात एका मनगटाच्या किमतीला तयार झाला आहे.

अण्णा आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. ते या शाळेत कधी शिकवायला नव्हते, पण त्या दीड महिन्यात मी लिहिलेल्या गुणपत्रकांतली एक बेरीज चुकली होती, ती त्यांनी डाव्या हाताने दुरुस्त केली होती, हे आत्ताच त्यांनी माझ्या लेकीला सांगितलं आहे. म्हणजे त्यांना सगळं आठवतं.

सायकल मी गाडीच्या टपावर बांधून आणली आहे. बाहेर स्टँडवर लावलेली आहे, काळी, नवा चिमटा चमकतोय तीच. जेवण झाल्यावर ज्याला वाटेल त्याने मैदानावर एक फेरी मारावी. हेड नीट आहे. आज सकाळी मी दोन्ही प्रकारे तपासलं आहे, आणि मग अण्णांनीही चाक उचलून बघितलं.